सुंदराबाईंचा हात

सुंदराबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी जठारपेठेतल्या दोन बायका आमच्या ओसरीवर बसून माझ्या देखत म्हणाल्या, की बाई तशी बरी होती, पण मागच्या सात-आठ वर्षांत फार शिष्ट झाली होती. लेकरू पोट धरून गडबडा लोळत असलं तरी हात लावायची नाही, दार लोटून घ्यायची. दुसरीने त्यावर भर घातली, की नवरा गेल्यावर हाताचा गुण गेला असेल आणि ते लोकांना कळू नये म्हणून ती नाटक करत असेल. मी उठून आत गेलो. तिथे थांबलो असतो तर नको ते बोललो असतो, आणि या बाबतीत कोणावर चिडायचा अधिकार मला नाही. सुंदराबाईंनी हात का आवरला हे जगात दोनच माणसांना पुरतं ठाऊक होतं. त्यांतल्या त्या गेल्या, मी उरलो. म्हणून बसलो आहे लिहायला.

मी चिंतामण मास्तर. तीस वर्षं हायस्कुलात शास्त्र शिकवलं. वर्गात भिंतीवर पचनसंस्थेचा तक्ता टांगलेला असे. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, असं छडी फिरवून मुलांकडून म्हणवून घ्यायचो. आणि माझं स्वतःचं पोट दुखायला लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी अंगण ओलांडून सुंदराबाईंच्या दारात जाऊन उताणा पडायचो. तक्त्यात बेंबी सरकायची सोय कुठेच नव्हती, हे मला दिसत होतं. पण त्यांनी बेंबी बसवली की बरं वाटायचं, हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी मी डोक्यात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. शिकलेल्या माणसाला एवढं जमतं.

सुंदराबाई मूळच्या अकोटकडच्या. नवरा जानराव जिनिंग-प्रेसमध्ये रुईच्या गठाणी बांधणाऱ्या टोळीचा मुकादम. स्वातंत्र्याच्या आगेमागे ही दोघं आणि त्यांची मुलगी मैना आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने आली. मैना पुढे वरूडला एका संत्र्यांच्या बागवाल्याच्या घरी पडली. बाई उंच, काटकुळी, बोलायला एक घाव दोन तुकडे. हात मात्र त्या अंगाला न शोभणारे, रुंद आणि गरम. आजीकडून विद्या आली असं त्या सांगत.

काम करायची त्यांची एक रीत होती. माणसाला जमिनीवर उताणं पाडायचं, दोन्ही हातांच्या करंगळ्या जोडून बघायच्या. एक वर एक खाली आली, की बेंबी सरकली. मग बेंबीवर अंगठा ठेवून आतली उडी, म्हणजे ठोका, कुठे लागते ते डोळे मिटून शोधायचं. तेल लावून कडेकडेने पोट चोळत चोळत, शेवटी अंगठ्याने एक दाब द्यायचा. झालं की उठू द्यायचं नाही. पडल्या पडल्याच मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा चावून खायला लावायचा. जागेवर बसलेल्या बेंबीवर काहीतरी वजन पडलं पाहिजे, नाहीतर ती परत सरकते, असं त्यांचं म्हणणं. कोणाकडून त्या काही घेत नसत. गर्भार बाईला हात लावत नसत. आणि अंगात ताप असेल तर मुळीच नाही. तहसीलदाराच्या मेहुण्यालाही त्यांनी ताप आहे म्हणून दारातून परत पाठवलं होतं. ताप का नको, ते त्यांना सांगता येत नसे. आजीने सांगितलं होतं, एवढंच.

त्यांचा सगळ्यात जुना रोगी घरातच होता. जानरावांचं पोट कधी सुधं नव्हतंच. जेवले की फुगायचं. आतून गुडगुड असा आवाज यायचा, तो आमच्या ओसरीवर ऐकू येई. प्रेसमधले हमाल त्यांना मुकादमाच्या पोटातली मालगाडी म्हणून चिडवायचे आणि जानराव हसून घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली, की बाकीचे तुटून पडायचे आणि हे एका रोडग्याचा तुकडा मोडून तुपाशी चघळत बसायचे. माणूस वर्षावर्षाने वाळत चालला होता, चेहरा पांढरा पडत होता. महिना-दोन महिन्यांनी बेंबीच्या डावीकडे कळ उठायची, आणि सुंदराबाई चोळायच्या. घटकाभरात त्यांना मोकळं वाटायचं. आमच्याकडे राहायला यायच्याही आधीपासून, वीसेक वर्षं हे असं चाललं होतं. डॉक्टरकडे जा असं माझी बायको विमल अधूनमधून म्हणे. जानराव म्हणत, घरात डाक्टरीण असताना बाहेर कशाला.

एकोणसाठच्या मार्चमधली गोष्ट. मॅट्रिकची परीक्षा सुरू होत होती आणि पहिल्याच पेपरला मला पर्यवेक्षक नेमलं होतं. सकाळी नऊच्या सुमारास सायकल काढून मी अंगणात आलो, तर सुंदराबाई उभ्या. आदल्या संध्याकाळपासून जानरावांची कळ उठली होती. नेहमीसारखी येऊन जाणारी नव्हती, एका जागी धरून बसली होती, आणि रात्रीतून अंग तापलं होतं.

"मास्तर, ह्यायले ताप हाय," त्या म्हणाल्या. "मले हात लावू वाटत नाई. दवाखान्यात न्याव का?"

मी घड्याळ बघितलं. हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही, पण मी घड्याळच बघितलं. दवाखान्यात न्यायचं म्हणजे टांगा, रांग, चिठ्ठी, आणि ते सगळं माझ्याच गळ्यात पडणार. हेडमास्तर कसे आहेत ते मला माहीत होतं. मी म्हणालो, अहो सुंदराबाई, दुखण्यानेच आला असेल ताप. वीस वर्षं तुमच्याच हाताने बरे होतात ते. आधी बेंबी बसवा, संध्याकाळी मी आल्यावर बघू. आतून विमल म्हणाली, की अहो, घेऊन जा ना त्यांना. मी तिच्यावर खेकसलो, की यातलं तुला कळतं की मला.

शास्त्राचा मास्तर सांगतो आहे म्हटल्यावर सुंदराबाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. मी सायकलवर टांग टाकली.

तीन वाजता परत आलो तर जानराव भिंतीला टेकून बसलेले आणि हसत होते. सुंदराबाईंनी सांगितलं, की अंगठा ठेवून दाब दिला तेव्हा आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणाला दुखणं गेलं. असं या आधी कधी हाताला लागलं नव्हतं. त्यांचा चेहरा काही खुललेला नव्हता. जानरावांनी पडल्या पडल्या फुटाणे-गूळ खाल्ले, मग ते वर गडूभर पाणी प्यायले आणि दोन तास झोपले. मी विमलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, बघितलंत? आजही जेवताना हा शब्द आठवला तर घास खाली ठेवावा लागतो.

दिवे लागायच्या आधीच पोट परत धरलं. आता एका जागी नव्हतं, सगळं पोट पेटलं होतं. पाय पोटाशी घेऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले ते सरळ होईनात. रात्र तशीच काढून सकाळी टांग्यातून इथल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दोन बोटं पोटावर ठेवली आणि लगेच उचलली. पोट फळीसारखं झालं होतं. आतडं कुठेतरी फुटलं आहे, म्हणाले, पोट उघडावं लागेल आणि आजच. इथले सर्जन त्या आठवड्यात गावाला गेले होते. त्यांनी अमरावतीच्या डॉ. रविकांत सोहनींच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि वेळ घालवू नका, असं दोनदा सांगितलं.

प्रेसच्या मालकांनी जीप दिली. मागे सतरंजी टाकून जानरावांना निजवलं. डोकं सुंदराबाईंच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. मूर्तिजापूर, बडनेरा, सगळा रस्ता उन्हाने पांढरा झालेला. जीप खड्ड्यात आदळली की जानरावांच्या तोंडून आवाज निघत नसे, नुसता श्वास थांबे. मी ड्रायव्हरला हळू चालव म्हणायचो, मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं की जोरात चालव म्हणायचो. त्याने शेवटी वैतागून विचारलं, मास्तर, एक कायतरी सांगा. मूर्तिजापूरच्या पुढे जानराव म्हणाले, "मैनीची माय, जरा हात ठेव न पोटावर." सुंदराबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांच्या कपाळावरूनच फिरवत राहिल्या.

राजापेठेतलं सोहनींचं हॉस्पिटल बारा खाटांचं. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी पोटाचा एक्स-रे काढला, पाहिला आणि नर्सला तयारी करायला सांगितली. जानरावांच्या नाकातून नळी घातली, हाताला सलाईन लावलं. पाण्याचा थेंब तोंडात जाता कामा नये, आणि पोटाला कोणीही हात लावायचा नाही, असं त्यांनी आम्हा दोघांना बजावलं. रक्त लागेल म्हणाले. मी बाही वर केली. माझं रक्त जुळलं नाही. मी बाही खाली केली. दुपारच्या गाडीने प्रेसमधले चार हमाल आले, त्यांतल्या दोघांचं जुळलं.

ऑपरेशन अडीच तास चाललं. सुंदराबाई दाराबाहेर भिंतीशी उकिडव्या बसून होत्या. त्यांनी एकदाही देवाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. त्या मधूनमधून आपला उजवा अंगठा डाव्या मुठीत धरत होत्या.

डॉक्टर बाहेर आले आणि आम्हाला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. एनॅमलच्या ट्रेमध्ये त्यांनी कापून काढलेलं आतडं ठेवलं होतं, हातभर असेल. माझ्या तक्त्यात ते गुलाबी आणि गुळगुळीत दाखवलेलं असे. याच्या एका कडेने पिशव्या लोंबत होत्या. काही बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. डॉक्टर म्हणाले, सायकलच्या जुन्या ट्यूबला जागोजागी फुगे येतात ना, तसं हे. आतड्याची भिंत जिथे कच्ची असते तिथून बाहेर फुगत जाते. वर्षानुवर्षं अन्न त्यात अडकून कुजत राहतं. यांतली एक आधी सुजली, पिकली, आणि मग फुटली. फुटल्यावर घटकाभर बरं वाटतं, माणूस फसतो.

मी विचारलं, सगळ्या काढल्या का. ते म्हणाले, नाही. अशा पिशव्या वरच्या आतड्यात पुष्कळ लांबवर आहेत. सगळं कापलं तर उरलेलं आतडं अन्न जिरवायला पुरणार नाही, माणूस जेवून उपाशी मरेल. फुटलेला भाग काढला, दोन टोकं जोडली, पोट धुतलं. बाकीच्या आहेत तिथे ठेवल्या. पण पू चोवीस तासांवर पोटात साचला होता, आणि अशा पोटात टाका धरेल की नाही ते पाच-सहा दिवसांनी कळेल.

मग त्यांनी चिमट्याने ट्रेच्या कोपऱ्यातून काहीतरी उचलून उजेडात धरलं. पातळ, तपकिरी, नखाएवढं.

"हे आतड्याच्या बाहेर सापडलं, पोटाच्या पोकळीत," ते म्हणाले. "हरभऱ्याचं टरफल आहे. अशा अवस्थेत यांना फुटाणे कोणी दिले?"

"म्या देल्ले," सुंदराबाई म्हणाल्या. "पोट म्याच चोळलं, अन् फुटानेही म्याच देल्ले."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. हाताच्या अंतरावर. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, शिकलेला माणूस दिसतो म्हणून. मी चष्मा काढून पुसायला लागलो. बोलायला तोंड होतं, वेळ होता, खोलीत आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. मी बोललो नाही. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, पण तोंड उघडायला तीही पुरली नाही.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारून विचारून सगळं काढून घेतलं, किती वर्षांचं दुखणं, चोळल्यावर कसं वाटायचं. मग म्हणाले, की बाई, इतकी वर्षं तुमच्या चोळण्याने त्या पिशव्या रिकाम्या होत असतील, म्हणून त्यांना मोकळं वाटायचं. ते काही खोटं नव्हतं. फक्त पिकलेल्यावर दाब द्यायचा नव्हता.

सुंदराबाई ट्रेकडे बघत होत्या. "म्हंजे बेंबी नव्हती सरकत?"

"बेंबी सरकत नसते, बाई."

"मंग इतके वर्स म्या काय बसवत होती?"

डॉक्टरांनी ट्रेवर फडकं टाकलं. त्या बाईच्या हाताखालून जठारपेठेतली निम्मी पोटं गेली होती, माझं धरून.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर यायचे, पोटावर स्टेथोस्कोपची नळी लावून ऐकायचे आणि एकच विचारायचे, वारा सरला का. आतडं चालू झालं की नाही ते त्यावरून कळतं. तीन दिवस नाही. त्या काळ्यासावळ्या धिप्पाड हमालांपासून माझ्यापर्यंत सगळी माणसं त्या एका गोष्टीसाठी देव पाण्यात घालून बसली होती. एरवी या विषयावर किती हसलो असतो. वरूडहून मैना आली ती टोपलीभर संत्री घेऊन, बापाला आवडतात म्हणून. ज्याला पाण्याचा थेंब नाही त्याच्या खाटेखाली ती टोपली ठेवलेली. खोलीभर वास सुटला. जानराव म्हणाले, राहू दे, वास तर घेऊ दे. ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायचे, तेवढाच ओलावा.

पोट जरा फुगलं की ते सुंदराबाईंकडे बघायचे. "जरा हात ठेव न वो. चोळू नको. नुसता ठेव." वीस वर्षांची सवय होती ती. लेकराला आईचा पदर लागतो तसा त्यांना तो हात लागायचा. आणि दररोज डॉक्टर आले की सुंदराबाई दारात गाठून विचारायच्या, की डाक्टरसाहेब, ह्यायच्या पोटावर नुसता हात ठेवू का, दाबत नाई. दररोज डॉक्टर म्हणायचे, नाही. टाके ताजे आहेत, आत जोड आहे, अजिबात नाही. मग त्या खाटेच्या पायथ्याशी बसायच्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

चौथ्या दिवशी सकाळी वारा सरला. हमालांपैकी एक व्हरांड्यात अक्षरशः नाचला. डॉक्टरही हसले. दोन-दोन चमचे पाणी चालेल म्हणाले. जानरावांनी पहिला चमचा तोंडात धरून ठेवला, गिळलाच नाही बराच वेळ. पाचव्या दिवशी ते मैनाशी बागेबद्दल बोलले, झाडांना या साली किती फळ धरलं वगैरे. मला वाटलं, सुटलो. मी सुटलो असं वाटलं मला, ते सुटले असं नाही. हेही लिहून ठेवतो.

त्या दुपारी मी सुंदराबाईंना व्हरांड्यात गाठलं. धीर आला होता ना. म्हणालो, सुंदराबाई, त्या दिवशी मीच तुम्हाला सांगितलं होतं. डॉक्टरांसमोर मी बोलायला हवं होतं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. राग असता तर बरं झालं असतं.

"सांगतलं तुमी," त्या म्हणाल्या. "पन ताप असला का हात नाई लावाचा, हे मले ठाऊक होतं, मास्तर. तुमाले नव्हतं. हात माहा होता."

मी म्हणालो, मी आता जाऊन डॉक्टरांना सांगतो. त्या म्हणाल्या, सांगून ह्यायच्या पोटाले काय फायदा. आणि नळावर जानरावांचं धोतर धुवायला गेल्या. मी डॉक्टरांकडे गेलो नाही. त्यांनी नको म्हटलं, एवढं निमित्त मला पुरलं.

सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. जखमेच्या खालच्या टोकातून हिरवट पाणी झिरपायला लागलं. डॉक्टरांनी पट्टी उचलून बघितली आणि तशीच परत ठेवली. जोड सुटला होता. दुसऱ्यांदा पोट उघडलं. आत सगळं चिकटून गेलेलं, टाका धरायला धड जागा नाही. रबराच्या नळ्या घालून घाण बाहेर काढायची वाट केली आणि पोट बंद केलं. हमालांनी परत रक्त दिलं. डॉक्टर रोज नवं इंजेक्शन मागवत होते, एकदा नागपूरहून माणसाकरवी आणवलं. माणसाने करायचं ते सगळं ते करत होते. जानराव हाताएवढे उरले होते, नुसतं पोट तेवढं मोठं. बोलणं तुटक झालं. नळ्यांमधून येणारं पाणी मोजायला नर्स यायची आणि आमच्याकडे न बघता जायची.

आणि तरीही सकाळ झाली की सुंदराबाई दारात उभ्या. डाक्टरसाहेब, नुसता हात ठेवू का. नाही. सातव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही, नवव्या दिवशी नाही. त्या "नाही"वरच आम्ही जगत होतो. डॉक्टर जपायला सांगताहेत म्हणजे जपण्यासारखं अजून काही आहे, असा मी मनाशी हिशेब लावला होता. सुंदराबाईंनीही तसाच लावला असणार.

दहाव्या दिवशी सकाळी जानरावांची नाडी हाताला लागेनाशी झाली होती. डॉक्टर अकराला आले, बराच वेळ खाटेशी उभे राहिले. जानरावांनी डोळे उघडले. ओठ हलले, "हात," एवढंच ऐकू आलं. सुंदराबाई रोजच्यासारख्या पुढे झाल्या आणि रोजचंच विचारलं.

"ठेवा," डॉक्टर म्हणाले. "ठेवा बाई, चालेल आता."

सुंदराबाईंचा चेहरा उजळला. पदराला हात पुसून त्या घाईने खाटेशी गेल्या, खाली वाकल्या, आणि तशाच थांबल्या. मग सावकाश सरळ होऊन त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

"कालपावतर तं नाई म्हनत होते तुमी," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्यातली ऐकायची नळी काढून हातात घेतली आणि खाली बघितलं. मैनाला काही कळलं नव्हतं, ती आईला म्हणत होती, ठेव न माय, डाक्टर हो म्हनून राहिले. सुंदराबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. या वेळी मी चष्मा पुसला नाही. पण मला डोळेही वर करवले नाहीत.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि नळ्यांना धक्का न लावता पोटाच्या दोन बाजूंना टेकवले. चोळलं नाही, दाबलं नाही. जानरावांच्या कपाळावरची आठी गेली.

"आता बरं वाटते," ते म्हणाले.

दीड वाजेपर्यंत सुंदराबाई तशाच बसून होत्या. मग नर्सने येऊन त्यांचे हात एकेक करून उचलले आणि चादर वर ओढली.